मांडीवरची गिटार आणि सात हजारांचं कोटेशन

पत्र : नौपाड्यातली आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. घर रिकामं करताना माळ्यावरून सासऱ्यांची गिटार निघाली. सध्या आम्ही माजिवड्याला भाड्याने राहतो, गिटारही सोबत आणली आहे. वरच्या टोकाला 'गिवसन' असं नाव आहे. दीर म्हणतात, ही अमेरिकेची गिब्सनच, लाखभर सहज मिळतील. आतला कागद कसरीने अर्धा खाल्लाय; 'कलकत्ता' आणि सहा आकडी पिन कोड तेवढा वाचता येतो. तारा गंजल्यात आणि मधोमध इतक्या उंच आहेत की खालून करंगळी जाते. तारा खालच्या कडेला बसवलेल्या पत्र्याच्या पट्टीत अडकवल्या आहेत आणि ब्रिज (तारा टेकतात तो लाकडी तुकडा) सुटून हलतोय. जवळच्या दुकानात दाखवली तर नेक (दांडा) पुन्हा बसवणं, ब्रिज चिकटवणं, नव्या खुंट्या आणि पॉलिश मिळून सात हजार सांगितले. ऑनलाइन एकाने आठशेला मागितली. मुलगी अकरा वर्षांची आहे, तिला शिकायचंय. सासरे म्हणतात, "मी मांडीवर आडवी ठेवून वाजवायचो. गणपतीत, सिनेमाची गाणी." बाकी त्यांना फारसं आठवत नाही. सोबत बोटाएवढी एक जड स्टीलची कांडी आहे, ती कशासाठी ते कळत नाही. विकू, दुरुस्त करू की नवी घेऊ?
– एक वाचक, ठाणे (प.)

उत्तर :

नमस्कार ताई. सात हजार तूर्त कुणालाच देऊ नका. गिटार दुकानात ठेवून आला असाल तर आधी घरी आणा. ब्रिजला तर कुणाला गोंदाचा थेंबही लावू देऊ नका.

तुमच्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य सासऱ्यांचं आहे. मांडीवर आडवी ठेवून, स्टीलच्या कांडीने वाजवली जाते ती हवाईयन गिटार. त्यात बोटांनी तार दाबायची नसते. कांडी तारांवरून सरकवत सूर काढायचा असतो, आणि ती खालच्या फ्रेटांवर, म्हणजे दांड्यावरच्या आडव्या पट्ट्यांवर, आपटू नये म्हणून तारा मुद्दाम उंच ठेवतात. तुमची करंगळी जाते ती उंची बहुधा बिघाड नाही, ती सासऱ्यांनी किंवा त्यांच्या गुरूंनी हौसेने करून घेतलेली सोय आहे. दुकानदाराने गिटार पाहिली, पण ती कशी वाजवली जायची हे विचारलं नाही. म्हणून त्याला नेक वाकलेली दिसली.

आज हे वाद्य फारसं कुणाला ठाऊक नाही, पण एके काळी त्याची मोठी चलती होती. 1940च्या दशकात टाऊ मो हे हवाईयन गिटारवादक कलकत्त्यात राहिले होते आणि बंगालात हे वाद्य घरोघरी पोचलं. पुढे व्हॅन शिप्लेंनी हवाईयन गिटारवर वाजवलेल्या सिनेसंगीताच्या तबकड्या देशभर ऐकल्या गेल्या. ब्रिजभूषण काबरांनी त्यावर रागसंगीत वाजवून दाखवलं. तेव्हा गणपतीच्या मंडपात मांडीवर गिटार घेऊन बसलेला तरुण ठाण्यात असणं अगदी स्वाभाविक होतं, आणि त्याच्या हातात कलकत्त्याची गिटार असणं तर त्याहून.

आता ओळखीचं बघू. गिवसन ही कलकत्त्याचीच कंपनी. गिब्सन अमेरिकेतली, 1902 साली मिशिगन राज्यातल्या कलामाझू गावात सुरू झालेली. दोन्हींचा संबंध नावातल्या सारखेपणापुरता. आपल्याकडे बड्या परदेशी नावाच्या जवळ जाणारं नाव ठेवण्याची पद्धतच होती. हॉबनर हे भारतीय नाव जर्मनीच्या होनरला असंच जाऊन भिडतं. दिरांना वाईट वाटेल, पण लाखाची गोष्ट इथेच सोडून द्या. त्या पैशांवर कुणी काही बेत केला असेल तर आजच सांगून टाका.

तुमच्या फाटक्या लेबलवरून मात्र वय बऱ्यापैकी सांगता येतं. सहा आकडी पिन कोड देशात 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला. त्याआधी पत्त्यात शहराच्या नावापुढे विभागाचा एक-दोन आकडी क्रमांक असे. शहराचं नाव अधिकृतपणे कोलकाता झालं 2001 साली. म्हणजे तुमचं लेबल 1972च्या नंतरचं आणि बहुतेक 2001च्या आधीचं. जुनी छापील लेबलं संपेपर्यंत वापरतात, जुनं नावही लोक लिहीत राहतात, म्हणून वरची मर्यादा थोडी सैल धरा. सासऱ्यांनी मंडपात वाजवायला कोणत्या वर्षी सुरुवात केली हे सासूबाईंना किंवा त्यांच्या एखाद्या जुन्या मित्राला विचारलं तर वर्ष आणखी नेमकं होईल. आत कुठे दुकानाचं स्टिकर असेल आणि त्यावर 'बॉम्बे' असेल तर ते बहुधा 1995च्या आधीचं.

हे वाचून आपापले माळे धुंडाळणाऱ्या इतर वाचकांसाठी एक खूण सांगतो. आतल्या कागदावर यामाहासोबत 'निप्पॉन गाक्की' लिहिलेलं दिसलं तर ती गिटार 1987च्या आधीची. त्या वर्षी कंपनीने ते नाव सोडून यामाहा कॉर्पोरेशन हे नाव घेतलं. यामाहाची एफजी मालिका 1966 साली सुरू झाली आणि तिच्यातल्या जपानमध्ये बनलेल्या जुन्या गिटारींना आजही चांगली किंमत येते. तशी सापडली तर आठशेच काय, आठ हजारांनाही घाईने देऊ नका.

ताई, आता तुमची गिटार टेबलावर चादर पसरून ठेवा. काहीही सैल करण्याआधी मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा. ब्रिज आत्ता जिथे आहे तिथे कडेला कागदी चिकटपट्टी लावून खूण करा. मग तारा हळूहळू सैल करा, सगळ्या थोड्या थोड्या. एक पूर्ण सोडून मग दुसरी असं नको.

पहिली तपासणी फ्रेटांची. आडव्या बारीक पट्ट्यांवर, विशेषतः पहिल्या तीन-चार फ्रेटांवर, बारीक तारांच्या खाली खाचा पडल्यात का ते बघा. बोटांनी दाबून बरीच वर्षं वाजवलेल्या गिटारवर त्या हमखास असतात. कांडीने वाजवलेल्या गिटारचे फ्रेट मात्र जवळजवळ कोरे राहतात, कारण तारा त्यांना लागतच नाहीत. तुमचे फ्रेट कोरे निघाले तर सासऱ्यांच्या बोलण्याला गिटारनेच साक्ष दिली असं समजा. शिवाय नव्याने फ्रेट घालण्याचा खर्चही वाचला.

दुसरी जागा नट. तारा खुंट्यांकडून येऊन ज्या खाचांच्या पट्टीवर टेकतात ती. हवाईयनसाठी या पट्टीवर बहुतेकदा एक उंच धातूची पट्टी टोपीवजा चढवलेली असते. तारा सैल झाल्या की ती हाताने निघते आणि खाली मूळचा नट जसाच्या तसा सापडतो. तसं झालं तर अर्धं काम फुकटात झालं. मूळ नट काढून त्या जागी उंच नट चिकटवला असेल तर नवा नट करून घ्यावा लागेल. ते काम कारागिराचं आहे, पण छोटं आहे. काढलेली पट्टी आणि ती कांडी एका पिशवीत एकत्र ठेवा, टाकू नका. पुढेमागे कुणाला हवाईयन वाजवावीशी वाटली तर पाच मिनिटांत गिटार पुन्हा पूर्वीसारखी होईल.

आता ब्रिजविषयी जरा सविस्तर, कारण दुकानातला सल्ला इथे सर्वांत जास्त चुकला आहे. ज्या गिटारच्या तारा खालच्या पत्र्याच्या पट्टीत अडकतात, म्हणजे जिला टेलपीस असतो, तिचा ब्रिज बहुधा चिकटवलेला नसतोच. तारांच्या दाबाने तो जागेवर बसून राहतो आणि तो सरकवता येतो, हीच त्याची खुबी. खात्री करायची असेल तर ब्रिजखालची जागा बघा. पॉलिश अखंड आणि गुळगुळीत असेल तर तिथे कधीच गोंद नव्हता. लाकडाचे तंतू उचकटलेले दिसले किंवा वाळलेल्या गोंदाचा थर दिसला तरच तो चिकटवलेला होता असं म्हणता येईल. सरकता ब्रिज चुकीच्या जागी चिकटला की गिटार कायमची बेसुरी होते, मग कितीही ट्यून करा.

तो नेमका कुठे हवा हे तुम्ही घरीच ठरवू शकता. नटच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. बाराव्या फ्रेटपासून ब्रिजवर तार टेकते तिथपर्यंत तेवढंच अंतर हवं, वर दोन-तीन मिलिमीटर जास्त. जाड तारांच्या बाजूला किंचित अधिक जास्त, म्हणून ब्रिज नाकासमोर सरळ न बसता थोडा तिरका बसतो. तारा चढवून मोबाइलवरच्या ट्यूनर ॲपने सुरात आणा. बाराव्या फ्रेटच्या बरोब्बर वर तारेला बोट नुसतं टेकवा, छेडा आणि लगेच उचला. घंटेसारखा स्वच्छ सूर येईल. आता तीच तार त्याच फ्रेटला दाबून छेडा. दोन्ही सूर ॲपवर सारखे दिसले तर ब्रिज जागेवर आहे. दाबलेला सूर चढा दिसला तर ब्रिज टेलपीसकडे सरकवा, उतरता दिसला तर मधल्या गोल भोकाकडे. दर वेळी केसभरच सरकवायचं, पुन्हा सुरात आणायचं, पुन्हा बघायचं. हे सगळं तारांची उंची खाली आणल्यानंतर करा. उंच तार दाबताना ताणली जाते आणि सूर आपोआप चढतो, त्यामुळे आधी केलेली मेहनत वाया जाते.

उंची मोजायला कंपासपेटीतली पट्टी चालते, पण बहुतेक पट्ट्यांचा शून्य कडेपासून थोडा आत असतो. शून्य अगदी कडेवर असलेली स्टीलची पट्टी घ्या. ती बाराव्या फ्रेटवर उभी धरा. सर्वांत जाड तारेखाली अडीच ते तीन मिलिमीटर आणि सर्वांत बारीक तारेखाली दोनच्या आसपास अंतर असेल तर अकरा वर्षांच्या मुलीला ती दाबता येईल. चारच्या वर असेल तर तिच्या हातात देऊ नका. बोटं सोलवटतात, बार कॉर्ड (एका बोटाने बऱ्याच तारा एकदम दाबून वाजवायचे) वाजत नाहीत आणि मुलांना वाटतं की आपल्याला जमतच नाही. चांगली शिकू शकली असती अशी मुलं अशाच गिटारींमुळे वाद्य सोडून देतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. नटपाशीही एकदा बघा : दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबली की पहिल्या फ्रेटवर फट जेमतेम दिसावी, कागदाएवढी. तिथे जास्त असेल तर पहिल्या दोन-तीन फ्रेटांवरचे कॉर्ड छळतील, मग बाराव्या फ्रेटला मोजमाप कितीही छान येऊ दे.

खरा निकाल नेकच्या परीक्षेवर आहे. उंच पट्टी काढली, ब्रिज असेल तेवढा खाली आणला (दोन्ही बाजूंना छोटी चाकं असतील तर ती फिरवून) आणि तरीही बाराव्या फ्रेटला चार-पाच मिलिमीटर राहिले, तर मात्र नेकचा कोन बिघडला आहे. तार पहिल्या फ्रेटला आणि नेक जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटला एकाच वेळी दाबा आणि सातव्या फ्रेटपाशी फट बघा. एखादं व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी ठीक. त्याहून बरीच मोठी असेल तर नेक धनुष्याकार वाकली आहे. नव्या गिटारींमध्ये नेकच्या आत लोखंडी सळई असते, तिचा नट पान्याने फिरवून नेक सरळ करता येते. त्या काळातल्या स्वस्त गिटारींना ती फिरवता येण्यासारखी असेलच असं नाही. वरच्या टोकाला नटजवळ छोटं झाकण आहे का, किंवा गोल भोकातून आत नेकच्या बुडाशी पान्याची जागा दिसते का, ते बघा.

शेवटी नेकच्या टाचेशी, म्हणजे ती मागून बॉडीला चिकटते त्या सांध्यात, कागदाचा कपटा घालून बघा. तारा ताणलेल्या असताना कपटा आत शिरत असेल तर सांधा सुटतोय. मोबाइलचा टॉर्च लावून तो गोल भोकातून आत धरा आणि व्हिडिओ घ्या. आतल्या आडव्या पट्ट्यांपैकी एखादी सुटलेली दिसेल, पाठीवर बोटांनी टकटक केलं की त्या जागी खुळखुळल्यासारखा आवाज येईल. एखादी पट्टी सुटलेली असणं ही किरकोळ दुरुस्ती आहे. लाकडाला बारीक भोकं आणि त्यातून पिठूळ भुकटी पडताना दिसली तर मात्र गिटार आधी बाकी सामानापासून दूर ठेवा.

आता पैशांचं. अशी भारतीय बजेट गिटार वाजती करून विकायला ठेवली तरी माझ्या अंदाजाने दोन-तीन हजारांच्या वर आपल्याकडे कुणी देणार नाही. अमेरिकेत हार्मनीसारख्या शिकागोच्या जुन्या स्वस्त गिटारी शोधून घेणारे लोक आहेत. हार्मनीचा मूळ कारखाना 1975च्या सुमारास बंद पडला आणि त्यांच्या आवाजाचा एक चाहता वर्ग तयार झाला. इथे तसा बाजार नाही. म्हणून विकण्याच्या हिशेबाने दुरुस्ती करणं परवडणारं नाही. वाजवण्याच्या हिशेबाने बघितलं तर नवी यामाहा एफ 310 आज दहा हजारांच्या घरात जाते. त्यामुळे जुन्या गिटारवर एकूण अडीच हजारांची मर्यादा घाला. तेवढ्यात तारांचा चांगला सेट, गरज पडली तर नवा नट, खुंट्यांची साफसफाई आणि एखादी सुटलेली पट्टी बसायला हवी. नेकचा कोन बिघडलेला निघाला किंवा सांधा सुटलेला निघाला तर मुलीसाठी नवी गिटार घ्या. जुनी तरीही वाया जात नाही. टाचेचा सांधा पक्का असेल तर नेक थोडी वाकलेली असली तरी हवाईयनला काही अडत नाही, उंच पट्टी पुन्हा चढवली की ती पूर्वीसारखीच वाजेल. सासऱ्यांचा हात अजून स्थिर असेल तर त्यांच्यासमोर ठेवून बघाच.

खुंट्या बदलायची घाई नको. पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकच्या कळ्या दिसायला वाईट असतात, एवढंच. शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब दातऱ्यांवर टाका, मागचा छोटा स्क्रू हलक्या हाताने आवळा, जास्तीचं तेल पुसा. सुरात आणल्यावर तार उतरत नसेल तर त्याच खुंट्या राहू द्या. बदलाव्या लागल्याच तर एका पट्टीवर तीन असा जोड मागा आणि जाण्यापूर्वी दोन खुंट्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजून न्या, नाहीतर नवीन भोकं पाडावी लागतात.

पॉलिशला माझा साफ नकार आहे. घासून नवा थर चढवला की वरचं आधीच पातळ असलेलं लाकूड आणखी पातळ होतं, आणि मिळतं काय तर चकाकी. पिळून घेतलेल्या ओल्या फडक्याने पुसा, लगेच कोरड्याने. फ्रेटबोर्डला खोबरेल तेल लावू नका, ते चिकट होऊन खवट वास मारतं. फ्रेटबोर्ड काळा असेल तर फडक्याला रंग लागतोय का तेही बघा. स्वस्त गिटारींत साधं लाकूड काळं रंगवलेलं असतं आणि जोराने घासलं की तो रंग निघतो.

तारा घेताना स्टीलच्याच घ्या, टोकाला गोळी असलेल्या. टेलपीसमध्ये त्याच अडकतात. दुकानात 10 ते 47चा सेट मागा (हे आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात). नेहमीच्या 12 ते 53च्या सेटपेक्षा नेकवरचा एकूण ताण बराच कमी पडतो. जुन्या सांध्याला ते मानवतं आणि मुलीच्या बोटांनाही. ठाण्यात मिळाल्या नाहीत तर सीएसएमटीला उतरून धोबी तलावापर्यंत चालत गेलात की फुर्टाडोजमध्ये मिळतील.

कारागिराकडे जाल तेव्हा सांगा, "ही हवाईयनची होती, आम्हाला साधी करून हवी आहे, ब्रिज सरकताच राहू दे." एवढ्यावरून त्याच्या चेहऱ्यावर ओळख दिसली तर तो माणूस योग्य. सुटलेली पट्टी तो कशाने चिकटवणार ते विचारा. लाकडासाठीचा पिवळा गोंद किंवा सरस म्हणाला तर ठीक. साधा पांढरा गोंद सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो, आणि अरालडाइट किंवा फेविक्विक लावलं तर पुढच्या कारागिराला सांधा उघडताच येत नाही. घरी कपाटं करायला आलेला सुतार कितीही चांगला असला तरी त्याच्या हातात गिटार देऊ नका. स्क्रू मारून सांधा आवळणं हा त्याचा सहजस्वभाव असतो.

आणि माळा आता बंद. मेमध्ये स्लॅबखाली तापलेल्या माळ्यावर सरस मऊ पडतो आणि पावसाळ्यात ठाण्यातली हवा ऐंशी-नव्वद टक्के दमट होते. लाकूड फुगून वरचा भाग किंचित उचलला जातो आणि तारा पुन्हा उंच होतात. बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल तिथूनच येते. कव्हरमध्ये सिलिका जेलच्या पिशव्या टाका आणि त्या दर महिन्याला बदला. महिनाभर कुणी वाजवणार नसेल तर तारा एक-दोन सूर उतरवून ठेवा. जुलैमध्ये उंची पुन्हा एकदा मोजा, आणि अर्धा मिलिमीटर वाढलेली दिसली तर दुकानात धावू नका, ऑक्टोबरपर्यंत थांबा.

आठशेवाल्याला नाही म्हणून कळवून टाका.